शाईत शाई मिसळताना : फाउंटन पेनची शाई घरी मिक्स करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी सकाळी कोथरूडला आमच्या डायनिंग टेबलवर जुने पेपर अंथरून आम्ही सात-आठ जण शाया मिसळत बसतो. दर वेळी कोणीतरी नवीन येतं आणि तेच प्रश्न विचारतं, जे मीही सुरुवातीला विचारत होतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: थोडीच मिसळा, थांबा आणि प्रमाण लिहून ठेवा. ज्यांची पेनं खराब झालेली मी पाहिलीत त्या बहुतेकांनी यातलं एक तरी केलं नव्हतं.

बाजारात एवढे रंग मिळतात, मग मिसळायचं कशाला?

कारण आपल्याला हवा असतो नेमका तोच मिळत नाही. मला शेवाळी हवा होता, पावसाळ्यात जुन्या वाड्याच्या भिंतीवर पन्हळीखाली जो धरतो ना, तो. हिरव्या शाया पुष्कळ आणून बघितल्या, कुठली पोपटी, कुठली बाटलीसारखी गडद, कुठली ऑफिसच्या शिक्क्यासारखी. शेवटी घरातल्या तीन बाटल्यांतून तो बनला. आणि दुसरं म्हणजे प्रत्येकाच्या कपाटात एकदोन बाटल्या अशा असतातच की हौसेनं आणल्या, डोळ्यांना झेपल्या नाहीत आणि पडून राहिल्या. त्या भडक गुलाबीत थोडा तपकिरी गेला की ती रोज लिहिण्यासारखी होते.

कुठलीही शाई कुठल्याही शाईत चालते का?

नाही. हे उत्तर मोठं आहे पण नीट वाचा, कारण पेन यातच बिघडतं.

फाउंटन पेनची साधी शाई म्हणजे बहुतांशी पाणी, त्यात विरघळलेला रंग, शिवाय बुरशी येऊ नये म्हणून थोडं औषध आणि शाई निबपर्यंत नीट वाहावी म्हणून एखादा साबणासारखा पदार्थ. यातला रंग विरघळलेल्या अवस्थेत राहतो तो त्या शाईच्या आम्ल-अल्कलीच्या तोलावर. एक शाई आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असेल तर एकत्र आल्यावर तो तोल जातो आणि रंग गाळ होऊन खाली बसतो. दुसरं कारण विद्युतभाराचं: काही रंगांच्या कणांवर ऋण भार असतो, काहींवर धन, दोघं भेटले की एकमेकांना चिकटतात आणि पाण्यातून बाहेर पडतात. बाटलीत वरवर सगळं ठीक दिसतं, तळाशी मात्र साय धरावी तसा थर आलेला असतो.

आयर्न गॉल शाई, म्हणजे लोह आणि माजूफळासारख्या तुरट फळाच्या अर्काची शाई, तर दुसऱ्या कशातच मिसळू नका. त्यातलं लोह आम्लामुळेच विरघळून राहिलेलं असतं, कागदावर हवा लागली की ते काळं पडून पक्कं होतं. तीच क्रिया पेनच्या आत झाली तर काय होईल ते सांगायला नको. धुतली जाणारी रॉयल ब्लूही लक्षात ठेवण्यासारखी, तिच्यातल्या निळ्याला अल्कली सोसत नाही, रंगच उडतो. शाई पुसायचं पेन मिळतं ना, ते याच तत्त्वावर चालतं. म्हणजे रॉयल ब्लूत अल्कधर्मी लाल घातली आणि जांभळ्याऐवजी नुसता मळकट लाल राहिला तर निळा गेला कुठे म्हणून शोधत बसू नका. नूडलर्स या अमेरिकी कंपनीची बेस्टेट ब्लूसुद्धा तिच्याच बेस्टेट मालिकेतल्या भावंडांशिवाय कोणातच घालायची नाही.

पिगमेंट शाई म्हणजे न विरघळलेल्या बारीक कणांची शाई, तीही साध्या शाईत नको. त्यात डी ॲट्रामेंटिस या जर्मन कंपनीच्या डॉक्युमेंट मालिकेतल्या शाया आपापसात मिसळतात, तशी सोय कंपनीनंच केलेली आहे.

मग सुरुवात कशापासून करू?

एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतल्या दोन साध्या शाया घ्या. एक कंपनी म्हणजे हमी असं नाही, पण शक्यता बरीच वाढते. खर्च करायची तयारी असेल तर प्लॅटिनम या जपानी कंपनीची मिक्स फ्री मालिका मिसळण्यासाठीच काढलेली आहे, नऊ रंग आणि वर पातळ करायचं द्रावण. त्यातले ॲक्वा ब्लू, सायक्लेमेन पिंक आणि सनी यलो एवढे तीन घेतले तरी वर्षभर पुरेल इतका खेळ आहे.

नाहीतर आपल्या नेहमीच्या कॅमल, ब्रिल आहेतच. माझे पहिले दोन वर्षांचे सगळे प्रयोग ब्रिलवरच झाले, त्यांची फिरोजी हाताशी असावीच असं मी प्रत्येकाला सांगतो.

घरी शाई बनवणं हे परदेशी खूळ आहे का?

अजिबात नाही. कॅम्लिनची सुरुवातच 1931 साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या विकून केली, घोड्याच्या छापाच्या. गोळी घरी आणायची, दौतीत पाण्यात विरघळवायची, आणि शाई किती गडद ठेवायची ते ज्याचं तो ठरवायचा. आजोबांच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, पाणी जास्त झालं की मास्तर काय म्हणायचे ते सांगतील.

मग काजळी-डिंकाची किंवा हिरडा-हिराकसाची शाई पेनमध्ये घालू का?

बोरूला, टाकाला खुशाल. फाउंटन पेनला नाही. काजळीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, आणि डिंक वाळला की निबखालच्या बारीक खाचा बुजतात. हिरडा किंवा माजूफळ आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई म्हणजे वर सांगितलेली आयर्न गॉलच, फक्त घरी केली की आम्लाचं प्रमाण आपल्या हातात राहत नाही, गाळ धरतो आणि स्टीलची निब खाल्ली जाते. पण एकदा करून मात्र बघाच. हिरड्याचा काढा गाळून त्यात हिराकसाचं पाणी घातलं की डोळ्यांदेखत करडा होत जातो, आणि लिहिलेलं दुसऱ्या दिवशी अजून काळं दिसतं.

सामान काय लागतं आणि पुण्यात कुठे मिळेल?

शाया आप्पा बळवंत चौकात. मोठ्या झगमगीत दुकानांइतकंच आतल्या जुन्या स्टेशनरीवाल्यांकडे विचारा, कधीकधी वरच्या फळीवरून न दिसणारे रंग निघतात.

बाटल्यांसाठी होमिओपॅथीच्या औषधांच्या दुकानात जा, रिकाम्या काचेच्या दोन ड्रामच्या बाटल्या मागा. एक ड्राम म्हणजे साधारण पावणेचार मिली, म्हणजे दोन ड्रामला सात मिलीच्या आसपास, प्रयोगाला अगदी बरोबर माप. काच पारदर्शक घ्या, तपकिरी नको, आतला गाळ दिसला पाहिजे. जास्त हव्या असतील तर रविवार पेठेत बोहरी आळीत फिरा.

केमिस्टकडून दोन मिलीच्या सिरिंज, सुई काढून टाकायची, प्रत्येक शाईला वेगळी. तिच्यावर 0.1 मिलीच्या खुणा असतात म्हणून थेंब मोजण्यापेक्षा ती बरी. तिथूनच इंजेक्शनच्या पाण्याच्या छोट्या कुप्या. बाकी टूथपिक, टीपकागद, जुने पेपर घरात असतातच. प्रयोगासाठी जुनं पेन हवं असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, फक्त नळीला तडा आहे का ते उजेडात धरून बघा.

नळाचं पाणी का नाही चालत?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि क्षार असतात. सोसायटीला टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर बादलीला पांढरी किनार धरते ती बघा, तेच पेनमध्ये बसणार. पेन धुवायला नळाचं पाणी ठीक आहे, शाईत घालायला नाही. बॅटरीचं पाणी काही जण वापरतात, मी केमिस्टच्या कुपीवर विश्वास ठेवतो कारण ती बंद असते आणि निर्जंतुक असते.

नेमकं करायचं कसं?

हलक्या रंगात गडद घालायचा, उलटं कधीच नाही. पिवळ्यात निळा एक थेंब पडला तरी पिवळा हिरवा होतो, पण निळ्याला हिरवं करायला पिवळा ओतत बसावं लागतं आणि बाटली भरून जाते तरी हवा तो रंग येत नाही. म्हणून दीड मिली हलकी शाई घ्या, गडद थेंबाथेंबानं. प्रत्येक थेंबानंतर बाटली हलक्या हातानं फिरवायची, जोरात हलवून फेस करायचा नाही, टूथपिक बुडवून कागदावर एक रेघ ओढायची आणि रेघेशेजारी थेंबांचा आकडा लिहायचा. बाटलीत बघून रंग ठरवू नका. बाटलीत सगळ्याच शाया काळ्या दिसतात, आणि ओली रेघ वाळल्यावर वेगळी होते, त्यामुळे दोन मिनिटं थांबून मग पुढचा थेंब.

माझ्या वहीतलं शेवाळ्याचं पान असं आहे: पिवळा 14, फिरोजी 3, तपकिरी 2. त्याखाली सगळ्या रेघा आहेत. तिसऱ्या फिरोजीपर्यंत रंग कोवळ्या पालवीसारखा जातो, छान असतो पण लिहिलेलं वाचायला फिका. तपकिरीचा पहिला थेंब पडला की तो एकदम जमिनीवर येतो, दुसऱ्या थेंबाला भिंतीवरचं शेवाळ. तिसरा घातला होता, पानावर ती रेघही आहे, तो चिखल. नंतर दोन रेघा पिवळा वाढवून परत आणायचा प्रयत्न केलाय, आला नाही. म्हणून शेवटचा थेंब घालायच्या आधी थांबून चहा घेऊन या असं मी सगळ्यांना सांगतो.

निळा आणि लाल मिसळून जांभळा का येत नाही, तपकिरीच येतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. शाळेत लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग असं शिकवलेलं असतं त्यामुळे घोटाळा होतो. शाई कागदावर रंग दाखवते ती उजेडातला काही भाग शोषून. लाल शाई हिरवा आणि निळा दोन्ही शोषते, निळी शाई लाल शोषते आणि हिरव्यातलाही बराचसा. दोन्ही एकत्र केल्यावर जवळजवळ सगळंच शोषलं गेलं, उरलं काय, तर काळपट काहीतरी. जांभळ्यासाठी लाल ऐवजी गुलाबी घ्या, गुलाबी फक्त हिरवा शोषते, निळा आणि लाल दोन्ही जाऊ देते. छपाईवाले म्हणूनच आकाशी निळा, गुलाबी आणि पिवळा यावर काम करतात. गुलाबीत निळ्याचे चारपाच थेंब गेले की खरं जांभळाचं जांभळं येतं, जिभेला लागतं ते.

काळी शाई घालून रंग गडद करू का?

शक्यतो नको. काळी शाई बहुतेक वेळा एका काळ्या रंगाची नसतेच, दोन-तीन रंगांची असते. टीपकागदाची लांब पट्टी कापा, खालून दोन सेंटिमीटरवर काळ्या शाईचा ठिपका द्या, वाळू द्या आणि पट्टीचं टोक पाण्यात बुडवून ठेवा. पाणी वर चढताना रंग वेगळे होत जातात, निळा कुठे, लालसर कुठे, पिवळाही सापडतो. ते सगळे तुमच्या मिश्रणात जाणार. गडद करायचं असेल तर विरुद्ध रंग चिमूटभर घाला, हिरव्याला तांबडा, निळ्याला विटकरी किंवा नारिंगी. त्यानं रंग खोल होतो, मळत नाही. बहुतेक करड्या छटा मी निळा आणि तपकिरीवरच करतो.

मिसळल्यावर लगेच पेनमध्ये भरली तर?

भरू नका. निदान दोन दिवस बाटली न हलवता उभी ठेवा, मी आठवडा ठेवतो.

एका जुलैत मी दोन कंपन्यांच्या हिरव्या एकदम तीस मिली मिसळल्या होत्या. रंग इतका सुंदर आला की त्याच रात्री आवडत्या इबोनाइटच्या (कडक रबराच्या) पेनात भरली. पहिल्या दिवशी लोण्यासारखं चाललं. दुसऱ्या दिवशी रेघ बारीक झाली, मला वाटलं कागद तेलकट असेल. तिसऱ्या दिवशी बंद. धुतलं, पुन्हा बंद. शेवटी पेठेतल्या एका पेन दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं, त्यांनी निब आणि फीड (निबखालचा, शाई वाहून आणणारा खाचांचा तुकडा) ओढून बाहेर काढले, उजेडात धरले आणि सुईच्या टोकानं खाचेतून एक हिरवा लांब धागा ओढून काढला, ओल्या जेलीसारखा. तो टीपकागदावर ठेवला आणि म्हणाले, हे बघा तुमची शाई. घरी येऊन बाटली तिरकी केली तर तळाशी तेच. बाटली दोन दिवस थांबली असती तर पेनला काही झालं नसतं.

म्हणून बाटली तिरकी करून तळ बघा, मागे टॉर्च धरा, टूथपिक तळाला फिरवून वर काढा. धागा, गुठळी, साय, तेलकट तवंग, वेगळा वास, यातलं काहीही दिसलं तर ओतून द्या. गाळून वापरू म्हणू नका, गाळ पुन्हा धरतो.

तेवढं थांबल्यावर कुठल्या पेनात भरू?

स्वस्त, पारदर्शक, सहज उघडणाऱ्या. आत काय चाललंय ते दिसतं. आठवडाभर रोज एक पान लिहा, एक रात्र टोपण लावून आडवं ठेवा, सकाळी पहिल्या रेघेला उठतं का बघा. मग चांगलं पेन. गुलाबी आणि जांभळ्या शाया पारदर्शक नळीला डाग धरतात, ते गेले नाहीत तर मनाची तयारी ठेवा.

ड्रॉपरनं भरायच्या पेनात एका वेळी दोन-तीन मिली शाई जाते, त्यामुळे प्रयोगाची शाई त्यात भरूच नका. मिश्रण बिघडलं तर सगळं तेवढ्यात अडकतं.

पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

हो, आणि जून ते सप्टेंबर पुण्यात हे मनावर घ्या. शाईतलं बुरशीचं औषध तिच्या स्वतःच्या पाण्याच्या हिशोबानं घातलेलं असतं, आपण पाणी घालून पातळ केली की ते औषधही पातळ होतं. फिक्या, पाणी घातलेल्या शाया म्हणूनच आधी बुरसटतात. पातळ शाई लागेल तेवढीच करा, महिन्याभरात संपवा. पेनात वापरलेली शाई परत बाटलीत ओतू नका. ड्रॉपर एका बाटलीतून दुसरीत जाऊ देऊ नका. पृष्ठभागावर कापसासारखं तरंगताना दिसलं किंवा कुबट वास आला की शाई फेकायची, बाटलीसकट, आणि त्या शाईनं भरलेलं पेन उघडून नीट धुवायचं. लवंग, डेटॉल, कापूर असले उपाय लोक सुचवतात, पेनात घालायची वस्तू नाही ती.

ड्रॉइंग इंक, वॉटर कलर, खायचा रंग?

तिन्ही नको. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये लाख किंवा तसलंच चिकट द्रव्य असतं, ती आत वाळली की पेन गेलं. वॉटर कलरमध्ये डिंक असतो. खायच्या रंगाला बुरशी पटकन येते.

चमचम असलेली शिमर शाई मिसळता येते पण चमक तळाशी बसते आणि तो गाळ आहे की चमक आहे हे कळणं अवघड होतं, म्हणून नवशिक्यांनी लांब राहावं.

मिश्रण कागदावर फुटतं, काय करू?

आधी कागद बदलून बघा. झेरॉक्सच्या पातळ कागदावर चांगली शाईही फुटते. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद दिसायला सुरेख असतो, पण त्यातला प्रत्येक प्रकार शाईपेनसाठी नसतो, कोपऱ्यात लिहून बघूनच घ्या. कागद बरोबर असेल आणि तरी फुटत असेल तर मिश्रण जास्त वाहतं आहे, त्यात कोरडी, म्हणजे कमी वाहणारी शाई वाढवा. उलट मिश्रण अडखळत असेल तर टूथपिकचं टोक भांड्यांच्या लिक्विडला नुसतं टेकवून बाटलीत बुडवा, एवढं पुरे. थेंब घातलात तर निब गळायला लागेल.

मिसळलेला रंग किती टिकतो?

यात एक गंमत आहे. मिश्रणातला प्रत्येक रंग आपापल्या वेगानं उडतो. गुलाबी बऱ्याचदा आधी जातो, त्यामुळे जांभळ्यात लिहिलेलं पत्र उन्हात राहिलं तर ते फिकट होत नाही, निळं होत जातं. बघायचं असेल तर एका कागदावर रेघा मारा, अर्धा भाग जाड पुठ्ठ्यानं झाका आणि दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला महिनाभर चिकटवून ठेवा. वहीत बंद राहिलेलं लिखाण बराच काळ नीट राहतं.

परीक्षेत, चेकवर वापरू का?

नाही. तिथे बाजारातली पक्की निळी किंवा काळी. आपली शाई पाण्यानं जाते की नाही हे आपण तपासलेलं नसतं, आणि चेक आता स्कॅन होऊन जातात, फिका रंग उमटला नाही तर त्रास आपल्यालाच.

पेन धुवायचं कसं?

साधं गार पाणी, भरा आणि रिकामं करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग निब टीपकागदावर टेकवून रात्रभर उभं ठेवा, सकाळी कागदावर कुठला रंग उतरलाय ते बघा. इबोनाइटला गरम पाणी नको, त्याची झळाळी जाते. ॲक्रिलिकला स्पिरिट नको, तडे जातात. एक मिश्रण काढून दुसरं भरताना ही धुलाई चुकवू नका, कारण आतले चार थेंबही मिश्रणच असतात.

तेच प्रमाण घेऊन दुसऱ्यांदा रंग वेगळा आला. असं का?

ड्रॉपर बदलला असेल, थेंब लहान-मोठा झाला. किंवा पहिली बाटली बरेच दिवस उघडी राहून घट्ट झाली होती. किंवा कंपनीच्या पुढच्या बाटलीत थोडा फरक आहे. म्हणून वहीत प्रमाण मिलीत लिहा, तारीख लिहा, कुठल्या बाटलीतून घेतली ते लिहा आणि शेजारी खऱ्या शाईची रेघ ठेवा. मोबाइलमधला फोटो रंगाच्या बाबतीत अजिबात भरवशाचा नाही.

मुलांना सोबत बसवू का?

बसवा, सिरिंजची सुई आधीच काढून टाका आणि जुने कपडे घाला. माझी पुतणी सात वर्षांची असताना तिनं न विचारता पिवळ्यात गुलाबीचे दोन थेंब टाकले आणि पारिजातकाच्या देठाचा रंग बनवला, तो मला त्याआधी कधी जमला नव्हता. वहीत ते पान तिच्या नावानं आहे.

शेवटी सिरिंजमध्ये, बाटल्यांत जे थोडं थोडं उरतं त्याचं काय करता?

पेनात नाही भरत. सगळं एका रुंद तोंडाच्या दौतीत ओततो आणि टाकानं पाकिटांवर पत्ते लिहायला वापरतो. दर बैठकीनंतर तिचा रंग बदललेला असतो, सध्या ती विटकरीकडे झुकलीय.